बाहेरचा मेकॅनिक

आप्पासाहेब औताडे यांची नवी गाडी गॅरेजसमोरून गेली आणि मुख्तारभाईंना पत्तासुद्धा लागला नाही. तिथूनच त्यांची तब्येत बिघडली.

उस्मानपुऱ्यात गॅरेज चालवणाऱ्या माणसासमोरून दिवसभरात हजार गाड्या जातात, त्यातली एक कळली नाही तर एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण आप्पासाहेबांचं प्रकरण निराळं होतं. बावीस वर्षं मुख्तार पठाण या माणसाशिवाय त्यांच्या गाड्यांना कुणी हात लावला नव्हता. आधी स्कूटर, मग जीप, मग ती पांढरी पेट्रोल गाडी. पांढरी गाडी चौकातून वळली की मुख्तारभाई वर न बघता ओळखायचे. नुसत्या आवाजावरून तिचा पट्टा सैल झालाय हे त्यांना कळायचं, आणि गिअर ज्या रागानं पडायचा त्यावरून आज आप्पासाहेबांचं घरी वाजलंय हेही कळायचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा भला माणूस, पाचोडला त्यांची मोसंबीची बाग, दर हंगामात पहिली करंडी गॅरेजवर यायची. आता अशा माणसाची गाडी समोरून निघून जाते आणि आपल्याला ऐकूच येत नाही!

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब पेढे घेऊन आले.

"घ्या मुख्तारभाई, तोंड गोड करा. इलेक्ट्रिक घेतली. जुनी देऊन टाकली एक्स्चेंजमध्ये."

"दिली?" मुख्तारभाईंचा हात खोक्यातच राहिला. "मेरेकू बोले भी नै?"

"घाईघाईत झालं हो सगळं. अन् तुमचाबी ताप गेला. हिला इंजिनच नाय. ऑइल नाय, क्लच नाय, सायलेन्सर नाय. बिघडायला हायेच काय?"

मुख्तारभाईंनी पेढा गोळी गिळावी तसा गिळला. ताप गेला! बावीस वर्षं जो ताप त्यांनी जिवापाड सांभाळला, तो गेला म्हणून हा माणूस त्यांनाच पेढे वाटत होता. कुटुंबाच्या जुन्या डॉक्टरला कुणी येऊन सांगावं की आता आमच्या घरातल्या कुणाला पोटच नाही, तसलाच प्रकार.

त्या दिवसापासून मुख्तारभाई जळू लागले. उघड नाही, आतल्या आत. ती नवी निळी गाडी समोरून गेली की ते पाठ करून उभे राहायचे आणि एखाद्या निरपराध स्कूटरचा नट इतका आवळायचे की पुढच्या वेळी तो त्यांनाच निघायचा नाही. घरी त्यांच्या पत्नी शमशादबी जेवण वाढता वाढता विचारायच्या, "क्या हुआ?" तर हे म्हणायचे, "कुछ नै. आजकल के लोगां में वफादारीच नै." शमशादबींना आधी वाटलं, गॅरेजातला कुणी सोडून गेला. मग लक्षात आलं की सोडून गेलेली एक पांढरी गाडी आहे, आणि त्या गप्प बसल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात गप्प कुठं बसायचं हे त्यांना चांगलं कळत होतं.

दीड-दोन महिने असेच गेले. मग एका सकाळी समोरच्या सांडूनं चहा आणता आणता बातमी आणली. सांडूची टपरी गॅरेजच्या बरोब्बर समोर होती आणि उस्मानपुऱ्यातली कुठलीही बातमी तिथं उकळूनच पुढं जायची.

"भाई, औताडेसाहेबाच्या गाडीला पिवळा दिवा लागलाय म्हणं. गाडीचं चित्र अन् खाली दोन नागमोडी रेघा. चढावर गेली की ओढतच नाय. चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन का काय, त्याचं कंट्रोल गेलंय."

मुख्तारभाईंच्या छातीत काहीतरी फुललं. परक्याच्या संकटात आनंद मानू नये हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी तो आनंद फक्त एक घोट चहा होईपर्यंत मानला. मग हात धुतले, बरा शर्ट घातला आणि स्टूल बाहेर काढून बसले. आता आप्पासाहेब येणार. येणार म्हणजे येणारच.

आप्पासाहेब आले नाहीत. दुपारी गाडी समोरून सरळ जालना रोडकडे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला निघून गेली.

त्यानंतर सांडू रोज नवा हप्ता आणू लागला. सेंटरवर टोकन घ्यावं लागतं. टोकनानंतर जॉब कार्ड. जॉब कार्डावर सही केल्यावर एक मॅडम विचारतात, बाहेरून काही काम करून घेतलंय का, आणि नाही म्हटल्यावर त्याचीही सही घेतात. मग टाय लावलेला इंजिनिअर गाडीला लॅपटॉप जोडतो, सॉफ्टवेअर बदलतो आणि दिवा विझतो. आप्पासाहेब खुशीत घरी येतात. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. मग पुन्हा टोकन. तिसऱ्या वेळी तर सेंटरनं लेखी मागितलं, की दिवा नेमका किती वाजता, कुठल्या रस्त्यावर, किती वेगाला लागतो, आणि त्या वेळी एसी चालू होता की बंद. आप्पासाहेबांनी खात्यात असताना केली नव्हती इतकी टिप्पणी तयार केली.

"अन् तरीबी तिथंच जातात," सांडू म्हणाला. "म्हणं, लई हुशार पोरं हायेत, लॅपटॉपवर समदं दिसतं."

हे शेवटचं वाक्य मुख्तारभाईंना लागलं. गाडी चांगली चालते म्हणून माणूस आला नाही, हे एक वेळ समजता येतं. गाडी बिघडली आणि तरी तो आला नाही? तीन-तीन वेळा गंडूनही त्याच दारात जातो? असं काय आहे त्या दारात? ते बघायला हवं होतं.

आणि इथं मुख्तारभाईंनी एक चूक केली. शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर, त्याच पांढऱ्या कुर्त्यात, अत्तर लावून ते स्कूटरवर जालना रोडला गेले. बेत साधा होता, काचेतून बघायचं आणि परत यायचं. पण काचेचं दार आपोआप उघडलं, आणि उघडलेल्या दारातून परत फिरणं मुख्तारभाईंच्या रीतीत बसत नव्हतं. आत थंडगार हवा. जमीन इतकी चकचकीत, की ऑइलचा एक थेंब पाडावा असं त्यांना मनापासून वाटलं. एवढ्यात अमृता नावाची एक हसतमुख मुलगी पाणी घेऊन आली. "या सर, कुठलं मॉडेल बघायचंय?"

मुख्तारभाईंना सर म्हणणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं. पाणी पिऊन होईपर्यंत त्यांच्या हातात रंगीत माहितीपत्रक आलं होतं, अर्जावर नाव आणि फोन नंबर लिहून झाला होता, आणि रंग पांढरा की राखाडी यावर त्यांनी मतही दिलं होतं. आता निघावं म्हणून ते वळले, तर पलीकडच्या सोफ्यावर कागदी कपातली कॉफी पीत आप्पासाहेब बसलेले.

दोघांची नजरानजर झाली. खरं म्हणजे पकडले गेल्याचा भाव दोघांच्याही तोंडावर होता.

"मुख्तारभाई, तुम्ही इथं?"

"मी..." मुख्तारभाईंनी हातातल्या माहितीपत्रकाकडे पाहिलं. तुमच्यावर पाळत ठेवायला आलो, हे सांगणं शक्य नव्हतं. "गाडी बघत होतो. घ्यायचा विचार आहे."

"इलेक्ट्रिक?"

"हौ. जमाना बदल गया, आप्पासाहेब."

हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं, ते त्यांना नंतरही कळलं नाही. पण ते निघालं आणि त्यांच्याआधी उस्मानपुऱ्यात पोचलं.

संध्याकाळी सांडूनं चहा देताना अभिनंदन केलं. शनिवारी दोन गिऱ्हाइकं विचारून गेली, भाई, गॅरेज कधीपर्यंत चालू आहे? त्यांचा हिशोब सरळ होता. मिठाईवाला स्वतःच शेजारच्या दुकानातून मिठाई नेऊ लागला, तर त्याच्याकडची कोण खाणार? सोमवारी एकजण अर्धं उघडलेलं इंजिन गोणीत घालून घेऊन गेला. म्हणाला, तुम्ही बंद केलं तर पुढं कुठं शोधू? शोरूममधून रोज सकाळी दहाला फोन यायचा, "सर, टेस्ट ड्राइव्ह आज ठेवू का?" सगळ्यात वाईट म्हणजे तो फोन एकदा शमशादबींनी उचलला. त्यांनी दौलताबादला राहणाऱ्या आपल्या भावाला कळवलं, भावानं रविवारी खास जेवणाचं आमंत्रण दिलं, आणि आप्पासाहेब म्हणाले, "स्कूटरवर कशाला जाता? मी नेतो ना. चार दिवस झाले, दिवा लागला नाय. येताना घाटबी दाखवतो, कशी चढती बघा. घ्यायच्या आधी अनुभव पाहिजे."

जी गाडी आपल्याला सोडून गेलेल्या माणसाची आहे, त्याच गाडीत बसून, जी गाडी आपण घेणार नाही तिच्या आनंदाचं जेवण जेवायला जायचं. मुख्तारभाईंनी पोटात दुखतंय म्हणून बघितलं. शमशादबी म्हणाल्या, "जेवण पोटासाठीच आहे, चला."

जेवण उत्तम झालं. मेहुण्यानं तीन वेळा गळाभेट घेतली आणि गाडीचा पहिला हार आपला असेल असं जाहीर केलं. मुख्तारभाईंना बिर्याणीची चव लागली नाही. मग दुपारी तीनच्या सुमाराला आप्पासाहेबांनी गाडी खुलताबादच्या घाटाकडे वळवली. पुढं मुख्तारभाई, मागं डबा मांडीवर घेतलेल्या शमशादबी.

"बघा, आवाज हाय का?" आप्पासाहेब म्हणाले.

"नै," मुख्तारभाई म्हणाले. मनात म्हणाले, मेल्यासारखी आहे.

या घाटात किल्ल्याच्या जमान्याचा एक दगडी दरवाजा आहे. रस्ता त्यातूनच जातो, आणि एका वेळी एकच गाडी जाते. रविवार असल्यामुळे दोन्ही बाजूंना सहलीच्या बसगाड्या खोळंबल्या होत्या. आप्पासाहेबांचा नंबर लागला. गाडी चढाला लागली, दरवाज्याच्या तोंडाशी आली आणि पिवळा दिवा लागला. दोन नागमोडी रेघा लुकलुकल्या. गाडीनं एक आचका दिला, दुसरा दिला, आणि आप्पासाहेबांनी पाय कितीही दाबला तरी दमलेल्या बैलासारखी जागेवर उभी राहिली.

मागं बसनं हॉर्न दिला. पुढच्या बसनं उत्तर दिलं. पाच मिनिटांत गाडीभोवती सल्लागार मंडळ भरलं.

"चार्जिंग संपलं असंल!"

"नाय हो, बासष्ट टक्के हाय!" आप्पासाहेब काचेतून ओरडले.

"बंद करून चालू करा. माझ्या मोबाइलला तसंच करतो."

पेरू विकणारी सारजाबाई टोपली काखेत घेऊन वाकून बघत होती. ती म्हणाली, "पाणी घाला की वाइच, तापली आसंल." तिला सांगण्यात आलं की यात पाणी घालत नाहीत. तिनं तोंडाला पदर लावला. "पाणी नाय, डिझेल नाय, मंग चालती तरी कशी? चालत नाय त्येच बराबर हाय."

मुख्तारभाई मांडीवर हात ठेवून सरळ समोर बघत बसले होते. न विचारता हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. विचारलं असतं तर झेप घेतली असती. पण आप्पासाहेबांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. मराठीसाठी दोन दाबा. मग गाणं. मग एक गोड आवाज.

"सर, आपण सुरक्षित ठिकाणी आहात का?"

मागच्या बसवाल्यानं जे शब्द उच्चारले ते त्या आवाजालाही ऐकू गेले असावेत, कारण ती घाईनं पुढं म्हणाली, "आमची व्हॅन निघतेय सर. तोपर्यंत कृपया कुठल्याही बाहेरच्या मेकॅनिकला गाडीला हात लावू देऊ नका. वॉरंटी जाईल."

"नाय नाय, बाहेरच्याला कोण लावू देतं," आप्पासाहेब म्हणाले.

मुख्तारभाईंनी दार उघडलं आणि खाली उतरले. बावीस वर्षं. तीन गाड्या. बाहेरचा! त्यांनी गर्दीतल्या चौघांना हाताशी घेतलं, गाडी ढकलून दरवाज्याच्या अलीकडे कडेला लावली आणि रस्ता मोकळा करून दिला. बसगाड्या गुरगुरत निघून गेल्या. मग गाडीकडे पाठ करायची म्हणून ते वळले, पण सवयीच्या डोळ्यांना कोण आवरणार? नजर पुढच्या चाकांवर गेली. एकदा डाव्या, एकदा उजव्या. मुख्तारभाई खाली बसले, दोन्ही टायरांवरचे आकडे बोटानं पुसून वाचले, आणि उठले.

"आप्पासाहेब, हा टायर कुणी बसवला?"

"कुठला?" आप्पासाहेबांचा आवाज एकदम बारीक झाला.

"डावा. उजव्यावर दोनशे पंधरा आहे, याच्यावर एकशे पंच्याण्णव. रिंग तीच, पण टायर बुटका. मोठ्या माणसाबरोबर चालताना लहान पोर जास्ती पावलं टाकतं की नाही? तसं हे चाक जास्ती फिरतंय. गाडीला वाटतं, चाक घसरतंय. घसरतंय म्हणून ती बिचारी ताकद काढून घेते. गाडी खोटी नाही. तिला खोटं सांगितलंय. कुणी बसवला?"

आप्पासाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "पाचोडला. बाजाराच्या दिवशी. दगडानं टायर फाटला अन् कंपनीचा टायर यायला आठ दिवस म्हणाले. तिथल्या पंक्चरवाल्याकडं हा होता. सेंटरवर सांगितलं नाय, वॉरंटी जाईल म्हणून सही करून बसलो."

मुख्तारभाईंना हा घाव अपेक्षित नव्हता. लॅपटॉपवाल्या इंजिनिअरांवर जळण्यात निदान काही प्रतिष्ठा होती.

"पाचोडचा पंक्चरवाला?" ते म्हणाले. "मेरेकू एक फोन नै करना था? स्कूटरवर टायर बांधून आणला असता मी. हिला इंजिन नाही, मान्य. चाकं तर आहेत ना, आप्पासाहेब? चाकं तर माझी होती!"

सारजाबाईनं टोपली खाली ठेवली. हे ऐकण्यासारखं होतं.

"चुकलं माझं," आप्पासाहेब म्हणाले. "खरं सांगू? तुमच्याकडं यायची लाज वाटत होती. पेढे देताना काय बोलून गेलो ते घरी गेल्यावर कळलं. मंग रोज समोरून जायचो, तुम्ही पाठ करून उभे. वाटलं, आता तर तुम्हीबी इलेक्ट्रिक घेताय, तुम्हाला..."

"मी कुठली घेतोय!" मुख्तारभाई बोलून गेले. "त्या दिवशी तुम्हालाच बघायला आलो होतो. त्या दारात असं काय आहे, बघायचं होतं."

मग त्यांना मागच्या सीटची आठवण झाली. त्यांनी हळूच मान वळवली. शमशादबी शांतपणे डब्याचं झाकण नीट बसवत होत्या.

"मेरेकू पैले दिन से मालूम था," त्या म्हणाल्या. "दोन चादरी घ्यायला तीन महिने लावणारा माणूस आठ दिवसांत गाडी घेतो काय?"

"मग भावाला कायकू बोली?"

"किती दिवस ताणताय ते बघत होते. और बिर्याणी भी अच्छी बनाता वो."

आप्पासाहेब आधी हसू दाबत होते, मग त्यांना ते दाबवेना. सारजाबाईनं सगळ्यांना एकेक पेरू दिला आणि स्वतःही एक खाल्ला. (पुढच्या आठवड्यात बरोबर मापाचा टायर मुख्तारभाईंनी स्वतःच्या हातानं बसवला आणि तो दिवा पुन्हा लागला नाही, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचं लक्ष त्या दिव्यातच अडकून राहील.)

एवढ्यात खालून घाटात घरघर ऐकू आली. मुख्तारभाईंचे कान टवकारले. डिझेल. जुनं. फॅनचा पट्टा सैल, आणि पाणीही गळतंय. खालच्या वळणावरून कंपनीची व्हॅन आली, धापा टाकत वर चढली, त्यांच्यापासून वीस पावलांवर थांबली, आणि बॉनेटमधून पांढरी वाफ आकाशात गेली. ड्रायव्हर उतरून डोक्याला हात लावून उभा राहिला.

मुख्तारभाईंनी कुर्त्याच्या बाह्या कधी वर केल्या ते कुणालाच दिसलं नाही. बॉनेट उघडलेलं होतं आणि ते कमरेपर्यंत आत होते. आतून त्यांचा आवाज येत होता, गेल्या दोन-अडीच महिन्यांत आला नव्हता असा. "पकड लाव. कापड दे. अरे बाबा, हा पाइप कुणी बांधला? दोरीनं बांधतात होय? ठैर जा... हौ, अब देख." शमशादबींनी डब्याच्या पिशवीतली पाण्याची बाटली दिली. सारजाबाईला तर आकाश ठेंगणं झालं. "पाणी घातलं का नाय? मी तेच म्हनत व्हते!"

अर्ध्या तासात व्हॅन सुरू झाली, पहिल्यापेक्षा गोड आवाजात. ड्रायव्हर मुख्तारभाईंचे हात धरून उभा राहिला. "उस्ताद, असा हात नाय बघितला. आमच्या पाच व्हॅन हायेत, पाचीचे हेच हाल. तुमचं गॅरेज कुठंय? उद्यापासून समद्या तुमच्याकडंच आणतो."

मुख्तारभाईंनी पत्ता सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी आप्पासाहेब पुढं झाले. इतका वेळ ते आपल्या निळ्या गाडीला टेकून एकटेच उभे होते आणि व्हॅनकडे बघून बघून त्यांचं तोंड उतरलं होतं.

"त्यांना वेळ नसतो," आप्पासाहेब म्हणाले. "लई गर्दी असती त्यांच्याकडं. तुम्ही दुसरीकडं बघा."

मुख्तारभाईंनी हे ऐकलं, आणि त्या दिवशीचा पेढा त्यांना आत्ता कुठं गोड लागला. त्यांनी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि आधीच घट्ट असलेला एक नट, काही कारण नसताना, अगदी सावकाश आणखी थोडा आवळला.